शेत विकून ल माँ गाठता येईल का?

पत्र (नाव-गाव काढून, थोडक्यात): मी २३ वर्षांचा, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा. बाराव्या वर्षी कोल्हापुरात कार्टिंग सुरू केलं. पुढे चेन्नई आणि कोइम्बतूरला सिंगल-सीटरचे दोन सीझन केले, तीनदा पोडियमवर उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वी पैसे संपले. सध्या वडिलांच्या मित्राच्या गॅरेजमध्ये काम करतो, रात्री सिम्युलेटरवर बसतो. फॉर्म्युला वन आता होणार नाही हे कळतं, पण निदान फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत तरी करावी असं मनात आहे. परदेशातल्या एका ड्रायव्हर-मॅनेजरने युरोपात एलएमपी-थ्री गाडीची (खास शर्यतीसाठी बांधलेली, सुरुवातीच्या पायरीची गाडी) सीट देऊ केली आहे. 'एक सीझन कर, दोन वर्षांत तुला ल माँला उभा करतो,' असं तो म्हणतो. निम्मे पैसे महिन्याभरात भरायचे आहेत. वडील अडीच एकर बागायत विकायला तयार आहेत. आई काहीच बोलत नाही. धाकटी बहीण बी.एस्सी.ला आहे. वय निघून चाललंय. काय करू?

तू मला 'सर' लिहिलंयस. काका म्हण, चालेल. नोकरीपायी चेन्नईत अठरा वर्षं काढली आणि त्यातले बरेचसे शनिवार-रविवार इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून झेंडे हलवण्यात गेले. तुझ्यासारखी पोरं ब्रेक मारून ज्या वळणात शिरतात, त्याच्या बाहेर मी टोपी घालून उन्हात उभा असायचो. या विषयातली माझी लायकी तेवढीच. स्वतः मी कधीच जोरात गाडी चालवली नाही. बायको म्हणते, स्कूटरसुद्धा नाही.

शेताचं मागाहून बोलू. आधी 'निदान ल माँ तरी' यातल्या 'निदान'शी मला थोडं भांडायचंय.

ही शर्यत १९२३ पासून चालू आहे. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, आणि त्यातला मोठा भाग एरवी साधा रहदारीचा रस्ता. शर्यतीचा आठवडा सरला की तिथून पुन्हा ट्रक धावतात. जूनमधल्या एका शनिवारी दुपारी चारला फ्रान्सचा झेंडा हलतो आणि रविवारी चारपर्यंत गाड्या थांबत नाहीत. साठाहून जास्त गाड्या, प्रत्येकीत साधारण तिघं चालक. फॉर्म्युला वनच्या मानाने जागा कितीतरी जास्त, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला हा दुसरा नंबर वाटतो. माझ्या मते हा धंदाच वेगळा. फॉर्म्युला वनमध्ये सगळ्यात आधी हरवायचं असतं ते शेजारच्या गॅरेजमधल्या आपल्याच जोडीदाराला. ल माँमध्ये तिघं एका ताटात जेवतात. सीट तुझ्या एकट्याच्या मापाची नसते, ब्रेकचा बॅलन्स तिघांना पटेल असा धरावा लागतो, आणि तू ओरबाडून संपवलेल्या टायरवर कधी कधी पुढचा माणूस बाहेर पडतो.

२०१९ मध्ये मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने फ्रान्सला जाणं झालं, तेव्हा एकदा ही शर्यत पाहिली. रात्री दोनच्या सुमारास आर्नाजच्या वळणाशी तारेच्या कुंपणाला टेकून उभा होतो. त्या आधी इंडियानापोलिस नावाचं वळण आहे. तिथे गाड्या प्रचंड वेगात येतात, ब्रेक लागले की चाकांच्या आत डिस्क लालबुंद होतात, आणि आर्नाजला पोचेपर्यंत वेग आपल्या घाटातल्या एसटीइतका उतरलेला असतो. मी वेगाचं कौतुक करायला गेलो होतो, पण बघत राहिलो ते जीटी गाड्यांकडे, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांकडे. मागून कितीतरी वेगवान प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेली गाडी, येतोय, आरसा पांढरा झालाय, आणि जीटीवाला आपली लाइन न सोडता त्याला नेमकी जागा करून देतोय. एकदा, दोनदा, रात्रभर. तुला आजवर ओव्हरटेक करायला शिकवलं गेलं. इथे निम्मं कसब ओव्हरटेक होऊ देण्यात आहे, स्वतःचा अर्धा सेकंदसुद्धा न घालवता.

त्या वर्षी त्याच अंधारात आपला अर्जुन मैनी एलएमपी-टूमध्ये, म्हणजे एलएमपी-थ्रीच्या वरच्या पायरीच्या गाडीत होता. त्याच्या गाडीत जॉन फरानो नावाचा हौशी चालक होता. ही हौशी जोडीदाराची गोष्ट लक्षात ठेव, तिच्याकडे परत यायचंय.

तुझी दुसरी समजूत वयाची. तेवीस! अरे, टॉम क्रिस्टेन्सनच्या नावावर ल माँचे नऊ विजय आहेत, तेवढे कुणाचेच नाहीत. त्यातला पहिला १९९७ चा. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, आणि जखमी झालेल्या दुसऱ्या चालकाच्या जागी शर्यतीच्या जेमतेम काही दिवस आधी त्याला बोलावणं आलं होतं. मायकेल फासबेंडर हा नट. त्याने चाळिशीच्या आसपास शर्यती सुरू केल्या, एकेक पायरी चढत २०२२ मध्ये पोर्शे घेऊन ल माँला उतरला, तेव्हा ४५ चा होता. त्याच्याकडे पैसा होता म्हणशील, होताच. मुद्दा वयाचा आहे.

आणि २००९ ची गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी. नारायण कार्तिकेयन त्या वर्षी कोलेस संघाच्या ऑडीत बसून ल माँ करणारा पहिला भारतीय ठरणार होता. शर्यतीच्या तोंडावर पिटच्या भिंतीवरून पडून त्याचा खांदा निखळला. इतक्या वर्षांची वाट, आणि माणूस सुरुवातीलाच बाहेर. त्याचे दोन जोडीदार उरले, चार्ल्स झ्वोल्समन आणि आंद्रे लॉटरर. दोघांनीच २४ तास गाडी ओढली आणि सातवे आले. लॉटररची ती पहिली ल माँ, वय २७. त्याआधी जॅग्वारच्या फॉर्म्युला वन संघात चाचणी-चालक म्हणून राहून, तिथे सीट न मिळाल्यामुळे तो जपानला गेला होता आणि वर्षानुवर्षं तिथेच शर्यती करत होता. युरोपातल्या लोकांच्या दृष्टीने जवळजवळ विसरलेला माणूस. पुढच्या वर्षी ऑडीने त्याला स्वतःच्या संघात घेतलं. २०११, २०१२ आणि २०१४ ला तो जिंकला. भारताच्या वाट्याची पहिली ल माँ मात्र २०१२ पर्यंत लांबली. तेव्हा करुण चांढोक जेआरएम संघाकडून डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेक यांच्याबरोबर धावला आणि एकूणात सहावा आला.

ही गोष्ट नशिबाची आहे असं वाटेल. मी ती जोडीदारांची म्हणून सांगतो. २०२१ ला डब्ल्यूआरटी संघाची एलएमपी-टू गाडी आपल्या गटात पहिली असताना शेवटच्या फेरीत, अक्षरशः शेवटच्या, बंद पडली. त्यात रॉबर्ट कुबिका आणि यिफेई ये हे दोघं होते. चार वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच दोघांनी पिवळ्या फेरारीतून पूर्ण शर्यत जिंकली. कुबिका ४० वर्षांचा, रॅलीच्या अपघातात उजवा हात जवळपास गमावून परत आलेला. ये चोवीस वर्षांचा, पंचविशीला एक दिवस कमी. तिसरा फिल हॅन्सन. हाच हॅन्सन २०१७ मध्ये सतरा वर्षांचा असताना करुण चांढोकच्या गाडीत होता. बघ, माणसं एकमेकांना कशी पुन्हा पुन्हा भेटतात या धंद्यात.

आता तुझ्या मॅनेजरकडे येऊ. 'दोन वर्षांत ल माँला उभा करतो.' हे वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं.

ल माँला प्रवेश चालकाला मिळत नसतो. तो गाडीला मिळतो, म्हणजे संघाला. शर्यत भरवणारा क्लब, ऑटोमोबाइल क्लब दे ल'वेस्त, निवड समिती बसवून यादी ठरवतो. जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या) अजिंक्यपदाचा पूर्ण सीझन करणाऱ्या गाड्यांना जागा असते. युरोपियन ल माँ मालिका, आशियाई ल माँ मालिका अशा ठिकाणी गट जिंकणाऱ्या संघांना आपोआप निमंत्रण जातं. बाकीच्यांनी अर्ज करायचा आणि वाट बघायची. म्हणजे समजा, तू जीव तोडून चालवलंस, तुमची गाडी मालिका जिंकली, निमंत्रण आलं, तरी ते आलं संघाच्या पत्त्यावर. संघमालक जूनमध्ये तुझ्या जागी दुसऱ्याला बसवू शकतो, आणि बसवतातही.

शिवाय एलएमपी-थ्री. छान गाडी आहे, शिकायला उत्तमच. पण २४ तासांच्या मूळ शर्यतीत एलएमपी-थ्रीला जागाच नाही. तिथे धावतात सगळ्यात वेगवान हायपरकार, एलएमपी-टू आणि जीटी गाड्यांचा गट एलएमजीटी-थ्री. एलएमपी-थ्री त्याच आठवड्यात, त्याच सर्किटवर 'रोड टू ल माँ' नावाच्या छोट्या शर्यतींत धावते. ल माँ कपचा तो भाग, २०१६ पासून होतो. तुझ्या मॅनेजरच्या मनात कदाचित हेच असेल, आणि 'ल माँला उभा करतो' हे त्या अर्थाने खोटंही ठरणार नाही. वडिलांना मात्र टीव्हीवर दिसणारी रात्र डोळ्यांसमोर आहे. दोघांच्या मनातली शर्यत एकच आहे का, ते आधी तपास.

याहून मोठी गोष्ट मॅनेजरने तुला सांगितली का मला कळत नाही, पत्रात तिचा उल्लेख नाही. चालकांचे दर्जे. एफआयए ही मोटरस्पोर्टची जागतिक संघटना प्रत्येक चालकाला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ ठरवते. त्यासाठी आपल्या निकालांसकट अर्ज करायचा असतो, आणि यादी जाहीर असते, कुणीही बघावी. तिशीनंतर पहिल्यांदा लायसन्स काढलेला, सिंगल-सीटर न केलेला उद्योजक साधारण ब्राँझमध्ये जातो. तुझ्या वयाचा, तुझ्या निकालांचा पोरगा बहुधा सिल्व्हर. ल माँच्या जीटी-थ्री गाडीत एक तरी ब्राँझ हवाच, आणि गोल्ड किंवा प्लॅटिनम जास्तीत जास्त एक. ब्राँझ आणि सिल्व्हर दोघांनाही किमान ६ तास गाडी चालवावीच लागते, त्यांना गॅरेजात बसवून ठेवून पळवाट नाही. एकट्याने सगळं ओढण्यावरही बंदी: ६ तासांत ४ तासांहून जास्त नाही, एकूण १४ तासांहून जास्त नाही.

आता या नियमाकडे संघमालकाच्या खुर्चीतून बघ. बहुतेक जीटी संघांचा खर्च कुणाच्या खिशातून निघतो? त्या ब्राँझच्या, म्हणजे मघाच्या त्या हौशी माणसाच्या. कारखानदार, डॉक्टर, जमिनीचे व्यवहार करणारे, ज्यांना आठवड्याच्या शेवटी आयुष्य जगायचंय. मग संघ शोधतो एक गोल्ड, जो वेग दाखवेल, आणि एक सिल्व्हर, ज्याचा दर्जा कागदावर सिल्व्हर पण वेग गोल्डच्या आसपास. असा सिल्व्हर सोन्यापेक्षा महाग. गंमत म्हणजे तो खूप जिंकला की एफआयए त्याला गोल्ड करते आणि त्याची मागणी अर्ध्यावर येते. असे मोठे झालेले आणि रिकामे बसलेले चालक पुष्कळ आहेत.

तुझी खरी जागा ही आहे. पैसे भरून सीट घेणारा तू नाहीस, ती जागा ब्राँझची. तू असा हवास की ज्याच्याशिवाय ब्राँझला आपले पैसे वाया गेले असं वाटेल. आणि त्यासाठी नुसता लॅप टाइम पुरत नाही. या धंद्यात पोट भरणारे कितीतरी चालक वर्षभर खरं काम करतात ते शिकवणीचं. हौशी माणसाला डेटा उघडून दाखवायचा, 'तुम्ही इथे तीस मीटर आधी ब्रेक मारताय, काही बिघडलेलं नाही, पुढच्या फेरीत फक्त पंधरा मीटर उशिरा मारा' असं सांगायचं, त्याचा धीर न मोडता. तालमीतल्या वस्तादासारखं, पण पहिलवान वयाने दुप्पट आणि त्यानेच खुराक आणलेला.

मार्शल असताना एक प्रसंग पाहिला, तो अजून आठवतो. एकाच दिवशी, एकाच वळणावर, दोन पोरं वाळूत गेली. पहिल्याने हातमोजे काढून फेकले, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, जे इथे छापता येणार नाही. दुसरा पोरगा गाडीतून उतरला, मागच्या टायरपाशी वाकला, बोटाने रबर दाबलं आणि आपल्या इंजिनियरला दोन वाक्यांत सांगितलं: मागचं उजवं दोन फेऱ्यांपासून घसरत होतं, मी ते सांगायला हवं होतं. पहिला वेगवान होता, खरंच. पण दुपारी दुसऱ्या एका संघाचा माणूस विचारत आला तो 'त्या दुसऱ्याचं नाव काय' म्हणून.

तेव्हा तुझ्यापुढे वाटा कोणत्या? मी मला पटेल त्या क्रमाने सांगतो. तुझ्यासारखं पत्र गेल्या वर्षभरात आणखी दोघांचं आलं आहे, एकाचं तर बापाने लिहिलं होतं. त्यांनाही हेच सांगेन.

दुबई. जानेवारीत दुबई ऑटोड्रोमवर २४ तासांची शर्यत होते. त्यात जीटी-थ्रीपासून छोट्या टूरिंग गाड्यांपर्यंत सगळे गट असतात आणि सीझनची बांधिलकी न घेता एका शर्यतीपुरती सीट मिळते. मुंबईहून तीन तास. २०२५ मध्ये तमिळ नट अजित कुमार यांचा संघ इथेच आपल्या गटात तिसरा आला. सरावात त्यांची गाडी जबर आदळली होती, तरी. पहिली रात्रीची शर्यत, पहिला ड्रायव्हर-चेंज, पहाटे चारला हेल्मेट घालून झोपेतून उठणं, हे सगळं अडीच एकर न विकता कळतं.

जर्मनीतलं न्यूरबर्गरिंग. जुना आणि नवा ट्रॅक जोडून २५.३७८ किलोमीटर. तिथल्या मोठ्या, २४ तासांच्या शर्यतीसाठी वेगळा परवाना लागतो, आणि तो वर्षभरातल्या लहान शर्यती करत करत मिळवावा लागतो. शंभरावर गाड्या, त्यात अगदी साध्या घरगुती वाटाव्यात अशाही. तिथे रहदारी वाचायला शिकलेल्या चालकाला ल माँच्या संघात वेगळ्या नजरेने बघतात. माझं मत विचारशील तर पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त शिक्षण इथे आहे. पण पाऊस आणि धुकं कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे घरच्यांना आधी सांगून ठेव.

आशियाई ल माँ मालिका हिवाळ्यात असते: सेपांग, दुबई, अबू धाबी. चार-चार तासांच्या शर्यती, आणि गट जिंकला तर संघाला ल माँचं निमंत्रण. २०२१ च्या हंगामात नारायण, अर्जुन मैनी आणि नवीन राव यांनी रेसिंग टीम इंडियाच्या नावाने एलएमपी-टू गाडी इथे उतरवली होती. त्याच हंगामात ती मालिका जिंकणाऱ्या गाडीत कोण होता? तो यिफेई ये. म्हणजे वाट आहे. पण इथे पहिल्या दिवशी जाऊ नकोस, कुणीतरी बोलावल्यावर जा.

आणि सिम्युलेटरला हसू नकोस. यान मार्डनबरो हा पोरगा व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ ला ल माँमध्ये एलएमपी-टू गटात तिसरा आला. ती निवडस्पर्धा आता बंद आहे, त्यामुळे तो दरवाजा तसाच उघडेल अशी आशा धरू नकोस. पण ल माँला पहिल्यांदा येणाऱ्या चालकाला सिम्युलेटरचं सत्र सक्तीचं असतं, मग सरावाच्या दिवशी दहा फेऱ्या, शिवाय रात्रीच्या पाच. तू जे रात्री करतोस ते वाया जात नाही. फक्त एकच कर: पुढच्या महिन्यापासून सर्वात वेगवान फेरी मोजणं बंद कर. सलग दोन तास चालव आणि सर्वात हळू फेरी वेगवान फेरीपासून किती लांब गेली ते वहीत लिही. संघ तोच आकडा विचारतात.

गॅरेजमध्ये काम करतोस ते लाजत लाजत लिहिलंयस असं वाटलं. अरे, ते तुझं भांडवल आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर एखाद्या पडीक गाडीत रेसिंगचा पट्टा बसवून घे आणि मित्राला घेऊन चालक-बदल घोटत बस. बाहेर पडणाऱ्याने पिट लेनमध्येच रेडिओची वायर आणि पाण्याची नळी सोडायची, पट्टे ढिले करायचे, आपला सीट-इन्सर्ट (आपल्या मापाची, सीटवर ठेवायची गादी) घेऊन बाहेर. आत जाणाऱ्याचे खांद्याचे पट्टे त्यानेच ओढून द्यायचे. हात अडखळतो तो नेहमी डाव्या खांद्याच्या पट्ट्याशी. घड्याळ लाव, शंभरदा कर.

आता शेत.

अडीच एकर बागायत विकायला वडील तयार आहेत, हे वाचून गलबलून आलं. पण एक साधा प्रश्न. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचा हक्क तुझ्याइतकाच आहे. पत्रात ती एका ओळीत येते आणि जाते. तिला कुणी विचारलं? आई 'काहीच बोलत नाही' म्हणतोस. आपल्याकडे बायका जमिनीच्या बाबतीत काही बोलत नाहीत तेव्हा त्यांचं मत ठरलेलं असतं, ते कुणी ऐकायला बसलेलं नसतं. मी होकार-नकार दोन्ही सांगत नाही. चौघं एका ठिकाणी बसा, आकडा कागदावर लिहा आणि त्या कागदावर सीझननंतर काय उरेल तेही लिहा.

कारण एक सीझन विकत घेऊन संपतो. शेत दुसऱ्या वर्षी पुन्हा विकता येत नाही, आणि या खेळात दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा महाग असतं. ज्याच्याकडे दुसऱ्या वर्षाचा मार्ग दिसत नाही त्याने पहिलं वर्ष सुरू करू नये, असं मी ट्रॅकवरच्या कितीतरी बापांकडून ऐकलं आहे. सगळे अनुभवाने शहाणे झालेले, म्हणजे उशिरा.

परदेशी पैसे पाठवायचे झाले तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, वर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणाऱ्या कराचा हिशोब. चार्टर्ड अकाउंटंटकडे आधी जा. युरोपसाठी बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो वेळेवर न मिळाल्याने सरावाचा आठवडा हुकलेला एक चालक मी ओळखतो. एफएमएससीआय या आपल्याकडच्या मोटरस्पोर्ट संघटनेकडून आंतरराष्ट्रीय दर्जाचं लायसन्स घे, वैद्यकीय तपासणीसकट. हे सगळं कंटाळवाणं आहे आणि सगळं लागतंच.

पैशाची दुसरी वाट प्रायोजकांची. कोल्हापूर भागात पहिलवानाला पोसायची सवय आहे, शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं त्या काळापासूनची. पण पोशिंद्याला बदल्यात काहीतरी दिसतं: जत्रेतली कुस्ती, गावात फिरलेली गदा. फ्रान्समधल्या गाडीवर दूध संघाचं स्टिकर लावून त्याला काय मिळणार? त्यापेक्षा म्हण, 'तुमच्या डीलरांना मी दोन दिवस पावसात सुरक्षित गाडी चालवायला शिकवतो.' हे विकलं जातं. आणि तुझी शिकवणीची सवयही होते.

मॅनेजरला मात्र नाही म्हणायच्या आधी काही गोष्टी विचार, लेखी. संघाचं नाव काय, आणि करार संघाशी होणार की त्याच्याशी? गाडीत बाकीचे कोण, त्यांचे दर्जे काय? सीटच्या पैशात सरावाचे दिवस किती, टायरचे संच किती? पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक शर्यतीनंतर भरता येतील का? आणि मी गाडी ठोकली तर दुरुस्ती कोण भरणार, वरची मर्यादा किती? या शेवटच्या प्रश्नावर खरा माणूस लगेच आकडा सांगतो. दुसरा म्हणतो, 'त्याची काळजी करू नकोस.' महिन्याभराची मुदत हीसुद्धा मला खटकते. सीझनच्या सीटा रिकाम्या राहिल्या की मुदती वाढतात, हे मी पाहिलंय.

हे पाच प्रश्न उद्याच ई-मेलने पाठव, फोनवर नको. आणि आज रात्री जेवताना बहिणीला सातबारा दाखव. दोघांकडून काय उत्तर आलं ते मला कळव, मग दुबईच्या संघांना लिहायचं पत्र आपण दोघं मिळून तयार करू.